मेळघाटातला रानपिंगळा आणि एका कर्नलची लबाडी

मेळघाटातून आलं की जो तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" नाही दिसला, आणि मला त्याचं सोयरसुतकही नाही. परतवाड्यापुढचा घाट, चिखलदऱ्याची रबडी, मुक्कामी रात्रभर गेलेली वीज हे सगळं इथेच उरकते. सांगायचंय ते रानपिंगळ्याचं.

चौराकुंडच्या बाजूला पानगळ झालेल्या सागावर तो चक्क उन्हात बसला होता. घुबडाच्या कुळातला पक्षी, आणि भर सकाळी! गाइडदादा इथल्याच कोरकू आदिवासींपैकी. हळूच म्हणाले, "ताई, डोकं पाहा त्याचं. ठिपके हायेत का?" जवळपास नव्हतेच. गावातल्या साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं, याचं मात्र सपाट तपकिरी. छातीवर गडद पट्टा, खाली पोट पांढरंशुभ्र. शेपटी डावी-उजवीकडे झटकली आणि थेट पाचोळ्यात झेप. वर आला तेव्हा पंजात सरडा होता. मागच्या जिप्सीतून आवाज आला, "अरे घुबड आहे, चला पुढे!"

या घुबडाचा पहिला नमुना, म्हणजे मारून कापूस भरून जपलेला पक्षी, १८७२ मध्ये ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडच्या भागात मिळवला. पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याचं वर्णन करून त्याला ब्लेविट यांचंच नाव दिलं. हे ह्यूम म्हणजे काँग्रेसच्या स्थापनेतले. पक्ष्यांवरची त्यांची वर्षानुवर्षांची हस्तलिखितं सिमल्यात रद्दीच्या भावाने विकली गेली, तेव्हा त्यांनी हा नादच सोडला आणि हजारो नमुने ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. पुढे डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खान्देशातून रानपिंगळे गोळा केले. त्यानंतरचा एकच नमुना होता, पक्षी जमवणाऱ्या ब्रिटिश कर्नल माइनर्ट्झहागेनचा. पक्षी कुठे, कधी मिळाला ते सांगणाऱ्या, त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर गुजरातमधलं मांडवी, साल १९१४.

पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी तो तपासला. क्ष-किरण, टाके, आतला कापूस, सगळं पाहिलं. निघाला डेव्हिडसनचाच पक्षी! कर्नलने म्युझियममधून लांबवून, उसवून, पुन्हा भरून स्वतःच्या नावावर लावलेला. दुसऱ्याच्या शेतातला कापूस आपल्या नावाने जिनिंगला घालावा, तसं. पण इथे नुसतं श्रेय चोरीला गेलं नाही. नमुन्याची चिठ्ठी हाच पुढच्या माणसाचा नकाशा, आणि तोच खोटा. रासमुसेन यांनी मांडवी बाद केलं, जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवर भिस्त ठेवली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासोबत खान्देशातल्या शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. मेळघाटातला त्याचा पत्ता त्यानंतर लागला.

जिप्सीत मी ही हकिकत सांगितली. गाइडदादांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "चोरला तं चोरला, गाव तं खरं लिवाचं!"

दुसऱ्या दिवशी मोठाल्या लेन्सवाल्यांचा एक गट त्याच सागाखाली मोबाइलवर रानपिंगळ्याचा आवाज वाजवत होता. फोटो हवा म्हणून. बिचारा पक्षी या फांदीवरून त्या फांदीवर आपला नसलेला शत्रू शोधतोय. मी खाली उतरून भांडले. त्यातल्या एकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही फॉरेस्टवाल्या का?" नाही म्हटल्यावर त्याने आवाज आणखी वाढवला.