तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून कॉलेजातच का?

"मॅडम, अँटिव्हायरस बनवणारी क्विक हील पुण्यातच आहे की, मग तुम्ही इथे का?" माजी विद्यार्थी विचारतात, आत्या विचारते, परवा प्रवेशाला आलेल्या एका मुलाच्या वडिलांनीही विचारलं. पगारातला फरक मला ठाऊक आहे, तो नका सांगू. 'कंपनीत झेपलं नसतं' हेही ऐकून झालंय. असेलही खरं.

पीएचडीला मी मशीन लर्निंग वापरून मालवेअर, म्हणजे व्हायरससारखी घातक सॉफ्टवेअर, ओळखत होते. घातक नमुने व्हायरसशेअर या मालवेअरच्या ऑनलाइन साठ्यातून घेतले. निर्धोक फायली लॅबमधल्या कोऱ्या विंडोजमधून उचलल्या. सगळेच तसं करायचे. अचूकता ९९ टक्के. पेपर छापून आला, घरी पेढे वाटले. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय जगभर पसरलं आणि मला भाषणांना बोलावणीही येऊ लागली.

मग लॅबमधल्या एका ज्युनिअरने गंमत म्हणून मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर माझ्या मॉडेलला दिलं. मालवेअर. व्हीएलसी प्लेअर? मालवेअर. वडिलांच्या दुकानातलं हिशेबाचं टॅली? तेही! तो हसत होता. मी रात्री दीडपर्यंत मॉडेल नेमकं काय बघतंय ते उकलत बसले. सगळ्यात वजनदार ठरलेल्या बाइट्समध्ये पुन्हापुन्हा एकच मजकूर निघाला, 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन', प्रत्येक अक्षरामागे एक शून्य बाइट. विंडोजच्या स्वतःच्या फायलींत तो असतोच. माझं मॉडेल मालवेअर ओळखतच नव्हतं. मायक्रोसॉफ्टचा शिक्का दिसला की साव, नाही दिसला की चोर. चाचणीच्या फायलीही त्याच ढिगातल्या, म्हणून ते ९९. हाच खड्डा दाखवणारा पेपर २०१६ मध्येच आला होता. मी वाचला नव्हता.

गाइडना सांगितलं. "छापून आलाय ना? प्रबंधात 'मर्यादा' म्हणून चार ओळी टाका." टाकल्या. चारच. तेव्हाची मी लगेच म्हणेल, फेलोशिपचे सहाच महिने उरले होते, विसरलीस? नाही विसरले. पण पेपर मागे घ्यायला सहा महिने लागत नाहीत गं, एक ईमेल लागते.

कंपनीत हे खपलं नसतं. अँटिव्हायरसने कुणाचं टॅली चुकून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे बंद कोठडीत, टाकलं तर संध्याकाळच्या आत फोन खणखणतात. मला एकही आला नाही. त्या पेपरचा संदर्भ मात्र लोक अजून देतात. आता हे कॉलेजात राहण्याच्या बाजूने झालं की विरुद्ध, तुम्हीच ठरवा. माझं दर वर्षी बदलतं.

नव्या बॅचला मी तेच मॉडेल देते आणि काय चुकलंय ते शोधायला सांगते. गेल्या वर्षी एकीने तासाभरात शोधलं. "असलं कुणी छापलं, मॅडम?"

मी हजेरी घ्यायला लागले.