तिसरीतली पंधरा मिनिटं

मुख्याध्यापक होऊन आठ महिने झाले. आज ठरवूनच गेलो होतो, तिसरीच्या वर्गात तासभर मागं बसायचं. पण दहालाच फोन, यू-डायसची (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती दुपारपर्यंत भरा. मग पोषण आहाराचा तांदूळ आला, तो मोजून घेतला. वर्गात पोचलो तेव्हा पंधरा मिनिटं उरलेली.

त्यात बघितलं काय, तर एक पोरगी हातच्याची वजाबाकी पाटीवर सारखी चुकत होती. तोंडी विचारलं, "शंभरची नोट दिलीस, चौतीसचं दूध घेतलंस, परत किती?" पटकन म्हणाली, "सहासष्ट!" बाई म्हणाल्या, "सर, मला माहिताय ते. पण दोन वर्ग सांभाळते मी." काय बोलणार?

संध्याकाळी व्यवस्थापन समितीची बैठक. कायद्यानं पाऊण समिती पालकांची. आल्या चौघीच, बाकीचे ऊसतोडीच्या गडबडीत. (चहा मात्र बारा जणांचा केला होता.)

घरी येताना कोल्हापूरच्या दसरा चौकात सिग्नलला थांबलो, समोर शाहू महाराजांचा पुतळा. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड. आता पोरं शाळेत येतात, मुख्याध्यापकच वर्गात जात नाही. दंड मलाच बसायचा.

उद्या फोन कपाटात. पहिला तास तिसरीत.