आमची वाटचाल : मिरजेचा तंबोरा गुगलवर दिसू लागला तो कसा

आमच्या घरात सतार आणि तंबोरे बनतात, तेही मिरजेत. त्यामुळे जाहिरात करायची असते हेच कुणाला माहीत नव्हतं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. मीरासाहेबांच्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून सभा होते, गवई येतात, येताना दुरुस्तीची वाद्यंही घेऊन येतात. एकाने दुसऱ्याला सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, यावर आमचा धंदा चालला.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आणि परदेशातून विचारणा वाढली. त्याच सुमारास आम्ही वेबसाइट केली. फोटो छान, किमती स्पष्ट, पुरुषी आवाजासाठीची मर्दानी जोडी आणि बायकी आवाजासाठीची जनानी जोडी वेगवेगळी दाखवलेली. पण ‘मिरज तानपुरा’ शोधलं की वर यायची ती मोठी विक्री पोर्टलं आणि कधी मिरजेत पाऊल न ठेवलेले व्यापारी. आम्ही कुठे तरी तिसऱ्या-चौथ्या पानावर.

साइट करून देणाऱ्या मुलाने अब्बांना कारण सांगितलं ते सोयरिकीच्या भाषेत. स्थळाची चौकशी करताना आपण मुलाच्या बापाला विचारत नाही, चार शेजाऱ्यांना विचारतो. गुगलही तेच करतं. 1998 मध्ये स्टॅनफर्डमध्ये शिकणाऱ्या ब्रिन आणि पेज यांनी ‘पेजरँक’ मांडला तो याच विचारावर: एखाद्या पानाकडे दुसरी किती पानं बोट दाखवतात आणि ती दाखवणारी पानं स्वतः किती वजनाची आहेत. आज गुगल इतरही शेकडो गोष्टी बघतं, पण आमच्या नव्या साइटकडे बोट दाखवणारं कुणीच नव्हतं, हे उघड होतं.

मग फोन सुरू झाले. ‘सर, महिन्यात पाचशे बॅकलिंक, पहिल्या पानाची गॅरंटी.’ बॅकलिंक म्हणजे दुसऱ्याच्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक. एकाकडून मी नमुन्याची यादी मागवली. तीत औषधांच्या, जुगाराच्या आणि कुठल्या तरी फर्निचरच्या साइट होत्या. जुगाराच्या पानावर तंबोऱ्याची लिंक बघून कोण येणार आहे? शिवाय गुगलने एप्रिल 2012 मध्ये ‘पेंग्विन’ नावाचा बदल आपल्या शोधात आणून अशा विकतच्या लिंकांवरच घाव घातला होता, आणि रँकिंगसाठी लिंक विकत घेणं आजही त्यांच्या नियमांविरुद्ध आहे. त्या पैशात उत्तम तून लाकूड येतं. आम्ही लाकूड आणलं.

सुरुवात घरच्या वहीपासून केली. वहीत वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं होती आणि त्यातल्या कितीतरी गायनशिक्षकांच्या आता स्वतःच्या साइट आहेत. शोधून बघितलं तर काहींच्या पानांवर ‘आमचे तानपुरे मिरजेचे’ असं आमच्या नावानिशी लिहिलेलं, फक्त लिंक नाही. त्यांना फोन केले. बहुतेकांनी हसत हसत लिंक टाकली. मानांकनाच्या बातम्यांत जिथे आमचं नाव होतं तिथेही पत्रं पाठवली. बहुतेक ठिकाणी उत्तर नाही, एका ठिकाणी झालं. वर्तमानपत्रांना बाहेरची लिंक द्यायला जिवावर येतं, हे तेव्हा कळलं.

खरा फरक पडला तो जवारीच्या, म्हणजे तारेच्या गुंजणाऱ्या झंकाराच्या पानाने. गिऱ्हाइकांचा नेहमीचा प्रश्न एकच: ‘तंबोरा बोलत नाही, काय करू?’ त्यातल्या निम्म्यांना दुरुस्तीची गरजच नसते. तार घोडीवरून, म्हणजे ती जिच्यावर टेकते त्या पट्टीवरून, जाते तिथे खाली सुताचा धागा असतो. तो घोडीच्या उतारावर केसभर पुढे-मागे सरकवायचा आणि तार छेडत राहायची. आधी आवाज बोदा येतो, मग किणकिण सुरू होते आणि एका जागी तार एकदम उघडते. तिथेच थांबायचं. धागा आणखी सरकला की पुन्हा आवाज मिटतो. अब्बांची बोटं जवळून टिपली, प्रत्येक टप्प्याचा आवाज ध्वनिमुद्रित करून पानावर ठेवला, आणि सुताने भागत नसेल, घोडीच घासून जवारी काढायची असेल तर स्वतः कानस लावू नका, हेही बजावलं. त्या पानावर विकायला काही नाही.

डोंबिवलीच्या एका बाईंचा फोन आला. ‘सतारमेकर, ते सुताचं मी पोरींना दर आठवड्याला फोनवर सांगत असते. आता लिंकच पाठवते.’ त्यांनी ती आपल्या क्लासच्या पानावरही टाकली. मग अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या संगीत विभागाने विद्यार्थ्यांसाठीच्या यादीत ते पान घेतलं. आम्ही त्यांना काही लिहिलं नव्हतं. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गुगलच्या साधनात, लिंकांच्या अहवालात ते दिसलं तेव्हा समजलं. विक्रीच्या पानाला असं कुणी आपणहून जोडत नाही, आणि का जोडावं? मात्र जवारीच्या पानावरून आम्ही आतल्या आत वाद्यांच्या पानांकडे वाट ठेवली आहे, म्हणजे आलेलं वजन तिकडेही थोडं झिरपतं.

एका व्हिडिओवाल्याने तंबोरा फुकट द्या, लेख आणि लिंक देतो म्हटलं. अशा लिंकेवर ‘स्पॉन्सर्ड’ची खूण लावावी लागते, ती खूण गुगलने 2019 मध्ये आणली. ती लावतो का विचारलं तर गडी गप्प झाला. एका हौशी विद्यार्थ्याने विकिपीडियावर आमची लिंक घातली, ती तिथल्या संपादकांनी काढली. राहिली असती तरी तिथल्या बाहेरच्या लिंका ‘नोफॉलो’च असतात, म्हणजे ‘या लिंकेला वजन देऊ नका’ अशी गुगलसाठी खूण असलेल्या. रँकिंगसाठी त्यावर रात्र जागवण्यात अर्थ नाही.

आता ‘तानपुरा जवारी’ शोधलं की आम्ही पहिल्या पानावर असतो. ‘तानपुरा किंमत’ला पोर्टलंच पुढे आहेत आणि त्या शर्यतीत उतरायची आमची ऐपतही नाही, इच्छाही नाही. जवारी वाचून येणारा माणूस निदान भाव करण्याआधी वाद्याबद्दल विचारतो. पुढचं पान भोपळ्याचं करतोय: पंढरपूर भागातून येणारा भोपळा कसा निवडायचा आणि विमानाने पाठवताना तो फुटू नये म्हणून पेटीत कसा बसवायचा. पेटीचे फोटो तयार आहेत, निवडीचे नवा माल उतरला की काढू.