कर्लीच्या खाडीत घरच्या तराफ्यावर एक रात्र : माझा अनुभव

डिसेंबरात आमच्या गच्चीवर २०० लिटरचे आठ निळे ड्रम येऊन पडले तेव्हा आईला वाटलं मी उन्हाळ्याच्या पाण्याची सोय करतोय, आणि खरं काय ते सांगायला मला दोन दिवस लागले. या ड्रमांचा तराफा करायचा, त्यावर तंबू लावायचा आणि कोकणात समुद्रावर एक रात्र काढायची असं मी, माझा मावसभाऊ आणि त्याच्या कंपनीतला एक दोस्त असं तिघांनी ठरवलं होतं. तिघंही पक्के नागपूरचे. पाणी पाहिलं ते फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावाचं, म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरातला तो पूर सोडला तर रात्री जिथे असतं तिथेच सकाळी असणारं पाणी. समुद्राचं तसं नसतं हे पुस्तकात वाचलं होतं, पण तराफा बांधताना ते एकदाही डोक्यात आलं नाही.

तरंगायचा हिशोब सोपा आहे आणि तो आम्ही नीट केला होता. ड्रम जेवढे लिटर पाणी बाजूला सारतो तेवढे किलो गोड्या पाण्यात उचलतो, समुद्राचं पाणी थोडं जड, घनमीटरला साधारण १०२५ किलो, त्यामुळे तिथे अजून जरासा फायदा. आठ ड्रम म्हणजे १६०० किलोच्या वर उचल. आमचं वजन असं होतं, बांबू आणि फळ्या १६०, ड्रम स्वतः ७०, आम्ही तिघं मिळून २१०, आणि पाणी, नांगर, सामान ८०. एकूण ५२० किलो. म्हणजे ड्रम जेमतेम एक तृतीयांश बुडणार आणि उरलेली उचल हाताशी राहणार. उचल उरलीच पाहिजे, कारण एक-दोन ड्रम गळले आणि सगळी माणसं एकाच कोपऱ्यात गेली तरी पालथं होता कामा नये.

ड्रम घेताना एक गोष्ट पाहा, आधी त्यात काय होतं ते विचारा. केमिकलचे ड्रम स्वस्त मिळतात पण आतलं उरलंसुरलं खाडीत जातं, तिथे लोक मासे आणि कालवं काढतात. आम्ही खायच्या तेलाचे घेतले, थोडे महाग पडले. आणि बुचाचं वॉशर प्रत्येक ड्रमचं वेगळं तपासा. दिवसा उन्हात ड्रममधली हवा तापते, रात्री गार पाण्यात ती आकसते आणि बूच ढिलं असेल तर ड्रम आपणहून पाणी आत ओढतो. म्हणून बूच वरच्या बाजूलाच यायला पाहिजे, पाण्याखाली नाही.

बांबू बुरडांकडून आणला, पोकळ कटांग नाही, भरीव घेतला. चौकट १२ फूट बाय ८ फूट, चार-चार ड्रमच्या दोन ओळी अगदी कडेला आणि मधली जागा मोकळी. पहिल्यांदा ड्रम आम्ही मधोमध घेतले होते, दिसायला आटोपशीर दिसत होतं. काटोल रोडला ओळखीच्यांचं शेततळं आहे तिथे नेऊन सोडलं आणि तिघं एका बाजूला उभे राहिलो तर दुसरी बाजू पाण्याच्या वर उचलली गेली. त्याच दिवशी सगळं सोडून ओळी बाहेर नेल्या, मग तिघांनी एका काठावर बसूनही चार बोटंच कलला. गाठी शाळेतल्या स्काऊटच्या चौकटगाठी, पण प्लॅस्टिकच्या दोरीने नाही. ती गुळगुळीत असते, हलत्या पाण्यात हळूहळू सुटते. ट्रकवाले वापरतात ते कसायचे पट्टे ड्रमांना आणि जाड नायलॉन बांबूला. जानेवारीत एक पूर्ण रात्र त्या शेततळ्यावर झोपलो, थंडी सोडली तर काहीच त्रास नाही. १५ मीटर दोरीला एक नांगर बांधून टाकला होता, तोही सकाळी जागेवर. आम्हाला वाटलं झालं, जमलं.

इतकं लांब ड्रम नेणं परवडत नाही हे भाडं विचारल्यावर कळलं. म्हणून पट्टे, दोऱ्या, वॉशर, तंबू, लाईफ जॅकेट एवढंच घेऊन नागपूर-मडगाव गाडीने कुडाळला उतरलो आणि तिथून मालवणजवळचं, कर्लीच्या खाडीकाठचं देवबाग. ड्रम तिथेच भाड्याने मिळाले, बांबू तिथला माणगा, तोही भरीव आणि सरळ. बांधायला दीडच दिवस लागला कारण हात बसलेला होता. घरी एकदा पूर्ण बांधून, सोडून, परत बांधून पाहा, मग जा.

ड्रम ज्यांच्याकडून घेतले ते काका मासेमारी करणारे, वय साठच्या पुढे. आमचं बांधकाम त्यांनी सगळीकडून फिरून पाहिलं, गाठी ओढून पाहिल्या, आणि म्हणाले, "तरंगता तर भोपळो पण. ह्यो रवतलो खंय, ता सांगा." तरंगायला काय, भोपळाही तरंगतो, हा थांबणार कुठे ते बोला. आमचं उत्तर तयार होतं, किनाऱ्यापासून दोन-तीनशे मीटर आत समुद्रात नांगर टाकून. त्यांनी सरळ नाही म्हटलं, ड्रम देणार नाही म्हणाले. मग वाळूत बसून समजावलं आणि ते अर्धा तास समजावणं हे माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सगळ्यात मोलाचं होतं.

शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, परीक्षेपुरते. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. आता तराफ्यावर बसून विचार करा. रात्री तुम्ही झोपलेले, वारा तुम्हाला किनाऱ्यापासून लांब ढकलतोय, त्यात ओहोटी असेल तर पाणीही त्याच दिशेला. नांगर सुटला तर समोर थेट अरबी समुद्र. आणि पाचशे किलोचा चौकोनी तराफा दोन वल्ह्यांनी वाऱ्याच्या विरुद्ध हलत नाही, हे आम्ही दुपारी करून पाहिलं, पंधरा मिनिटं जीव तोडून वल्हवलं आणि आहे तिथेच. होडीला निमुळतं नाक असतं, तराफ्याला नसतं. शिवाय वारा पडलेला असला तरी लांबून येणारी लाटेची फुग असते, तिने चौकट रात्रभर पिळवटत राहते आणि गाठी ढिल्या होतात. म्हणून उघड्या समुद्रात घरच्या तराफ्यावर मुक्काम हा विचार आम्ही तिथेच सोडला. खाडीत जमेल, पण त्यांची होडी जवळ असेल तरच, ही त्यांची अट होती.

मग नांगर. आमची १५ मीटर दोरी पाहून त्यांनी मान हलवली. भरतीला तीन मीटर पाणी असेल तर दोरी निदान सातपट पाहिजे, कारण नांगर जड असतो म्हणून धरत नाही, दोरी आडवी ओढली जाते म्हणून तळात रुततो. आखूड दोरी नांगराला वर उचलते. शेततळ्यात ओढच नव्हती म्हणून कळलं नाही. त्यांनी स्वतःची ३० मीटरची दोरी दिली, टोकाला साखळीसकट, आणि दुसरा नांगर दिला. एक वरच्या अंगाला म्हणजे नदीकडे, एक खालच्या अंगाला, म्हणजे भरती-ओहोटी बदलली तरी तराफा स्वतःभोवती फिरणार नाही.

परवानगीचं पण लिहितो कारण लोक ते टाळतात. २००८ च्या मुंबईच्या हल्ल्यात अतिरेकी समुद्रातून आले होते, त्यानंतर किनाऱ्यावर रात्री अनोळखी काही तरंगताना दिसलं की चौकशी होणारच आणि व्हायलाच पाहिजे. आम्ही पोलीस ठाण्यात आधार कार्डाच्या झेरॉक्स, फोन नंबर, कुठे थांबणार त्याचा कागद दिला, बंदर खात्याच्या ऑफिसातही जाऊन आलो. पर्यटकांच्या होड्यांच्या वाटेत थांबायचं नाही, रात्रभर पांढरा दिवा चारी बाजूंनी दिसेल असा लावायचा, कांदळवनाला दोरी बांधायची नाही. तराफा पाण्यात इतका खाली असतो की अंधारात होडीवाल्याला दिसतच नाही, तो दिवा हाच तुमचा जीव. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर तिघांच्या फोनमध्ये टाकला आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत.

रात्र शुद्ध अष्टमीची निवडली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांगाची भरती, पाणी कमी चढतं, कमी उतरतं, ओढही कमी. मुंबईच्या बाजूला तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा, आणि मालवणकडे त्याच्या आधी. म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास भरती, अकराला ओहोटी, पहाटे परत भरती. काकांनी साडेचारला होडीने ओढून नेलं, ओहोटीलाही दीड मीटर पाणी राहील अशी जागा त्यांना माहीत होती. नाहीतर मध्यरात्री वाळूवर बसलो असतो.

संध्याकाळ इतकी सुंदर गेली की सांगता येत नाही. पलीकडच्या काठावर भोगवेच्या बाजूचे माड काळे होत गेले, घरून आणलेल्या पोळ्या आणि ठेचा खाल्ला (स्टोव्ह तराफ्यावर नेलाच नाही, तंबूत तर अजिबात पेटवू नका), आणि अंधार पडल्यावर मावसभावाने वल्हं पाण्यात फिरवलं तर निळसर उजेड उठला, समुद्रातल्या बारीक जिवांचा. आम्ही तिघं बराच वेळ नुसतं पाणी ढवळत बसलो होतो.

झोप मात्र येईना. ड्रम म्हणजे ढोल असतो हे लक्षातच आलं नव्हतं, प्रत्येक लहान लाट खालून ढप ढप वाजवते आणि बांबूवर ड्रम घासला की कर्र आवाज. पुढच्या वेळी ड्रम आणि बांबूच्या मध्ये पोती घालणार. आणि दव, बापरे. फेब्रुवारीत नागपुरात कोरडी थंडी असते, इथे अकरापर्यंत तंबू, पांघरूण, बॅगा सगळं ओलं आणि चिकट. लाईफ जॅकेट घालूनच झोपायचं ठरलं होतं आणि तंबूचं दार उघडं ठेवायचं, कारण तराफा उलटला तर बंद तंबूतून बाहेर पडता येत नाही.

दोघांनी झोपायचं, एकाने जागायचं. जागणाऱ्याचं काम एकच, काठावरचे दोन दिवे पाहायचे. काकांनी दाखवून दिले होते, पुढचा एका घराचा आणि मागचा टॉवरवरचा लाल, दोन्ही एकावर एक दिसतायत तोवर आपण जागेवर. पाण्याकडे पाहून कळत नाही, पाणी कायम हलतंच असतं.

माझी पाळी एक वाजता लागली. चंद्र मावळला होता. दीडच्या पुढे पूर्वेकडून गार वारा सुरू झाला, घाटाकडचा, आणि खाडी तिथे समुद्राला समांतर वाहते त्यामुळे तो आम्हाला बरोबर आडवा लागला. तंबू शिडासारखा फुगला, दोन्ही दोऱ्या ताणून धनुष्यासारख्या झाल्या. दिव्यांकडे पाहिलं तर लाल दिवा घराच्या दिव्यापासून वेगळा झालेला, बोटभर, मग दोन बोटं. वरचा नांगर सरकत होता. मी आधी टॉर्च काकांच्या होडीकडे तीनदा मारला, तसं ठरलं होतं, मग दोघांना उठवलं. भीती वाटली, खोटं कशाला बोलू, हात थरथरत होते आणि गाठ सापडत नव्हती. तंबूच्या काड्या काढून तो आडवा पाडला, त्यावर बॅगा टाकल्या, वाऱ्याला धरायला काही उरलं नाही. मग वरच्या नांगराची दोरी आठ-दहा मीटर सोडली. घट्ट धरून ठेवावंसं वाटतं पण सोडायची असते. दोरी परत ताणली गेली, थरथरली, आणि थांबली. तोवर काका वल्हवत शेजारी आले होते. त्यांनी दोरीला हात लावला, तळातला थरकाप हाताला कळतो म्हणे, थोडा वेळ तसेच बसले आणि म्हणाले, "आता रवतलो."

मी दिव्यांची नवी रेष ठरवली, माडाचं टोक आणि लाल दिवा, आणि उजाडेपर्यंत तिच्यावर नजर ठेवली. बाकी दोघं उघड्यावर ओल्या पांघरुणात जॅकेटसकट झोपले. तराफा वीसेक मीटर सरकला होता, सकाळी काकांच्या होडीतून अंदाज घेतला. खुल्या समुद्रात असतो तर किती हे बोलायची गरज नव्हती, तिघांच्याही मनात तेच होतं.

पहाटेच्या भरतीवर त्यांनी आम्हाला ओढून आणलं. सोडायला तीन तास लागले, माणगा त्यांनी कुंपणाला ठेवून घेतला. ड्रम परत करण्याआधी मी एकेक उलटा करून पाहिला. सात कोरडे होते. आठव्यातून, वरच्या अंगाच्या डावीकडच्या, चार-पाच लिटर खारं पाणी निघालं. त्याचं वॉशर एका बाजूने चिरलेलं होतं, ते मी खिशात घालून नागपूरला घेऊन आलोय.