'इतर' या रकान्यात अडकलेले पाच आठवडे

अल्प्राझोलॅमची (चिंता आणि झोपेसाठी देतात ती) गोळी सोडायला मला ११ महिने लागले. राग मात्र त्या ११ महिन्यांचा नाही. तो त्याआधीच्या पाच आठवड्यांचा आहे आणि अजून गेलेला नाही.

आई गेल्यावर माझी झोप उडाली. डॉक्टरांनी ०.२५ मिलिग्रॅमची गोळी दोन आठवड्यांसाठी लिहून दिली. या जातीच्या गोळ्या साधारण दोन ते चार आठवड्यांपुरत्याच घ्यायच्या असतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे ०.५ झाली, मग सकाळ-संध्याकाळ. तीन वर्षांनी मी दिवसाला १ मिलिग्रॅमवर होते. एका डॉक्टरांची चिठ्ठी संपली की दुसऱ्यांकडे जायचे आणि "आधी कधी घेतली नाही" म्हणून सांगायचे. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते असं आहे.

एक दिवस नवऱ्याला सगळं सांगितलं आणि आम्ही व्यसनमुक्ती विभागात गेलो. खिडकीतून फॉर्म मिळाला. व्यसनाचा प्रकार: दारू, तंबाखू, गांजा, इतर. मी 'इतर'वर खूण केली. पुढचा प्रश्न होता, "पदार्थ कुठून मिळवता?" मी लिहिलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. खिडकीतल्या माणसाने ते वाचलं आणि फॉर्म परत सरकवला. "ताई, डॉक्टरांनीच दिलंय ना? मग हे व्यसन कसं? ज्यांनी दिलं त्यांच्याकडे जा."

गेलो. ते म्हणाले, "सवय लागलीय, आता बंद करा." बस्स, एवढंच. मी त्याच रात्रीपासून बंद केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात इतके थरथरत होते की कपातला चहा बशीत सांडला. नळाचं पाणी पडलं तरी कानावर कुणी पत्रा आपटतंय असं वाटायचं. छाती धडधडत होती, उजेड सहन होत नव्हता. बहीण फोनवर ओरडली, "अगं, अशी एकदम सोडायची नसते, फिट येते!" तिचं बरोबर होतं. रोज घेणाऱ्याने ही गोळी अचानक थांबवली तर झटके येऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकतात. मी गोळी परत सुरू केली, आणि घेतल्यावर जे बरं वाटलं त्याचीच जास्त भीती वाटली.

मग मानसोपचाराच्या ओपीडीत गेलो. तिथे म्हणाले, हे व्यसनमुक्तीचं काम. व्यसनमुक्तीवाले परत म्हणाले, चिठ्ठी देणाऱ्यांचं काम. तीन दारं, पाच आठवडे, आणि दर वेळी तोच फॉर्म नव्याने भरायचा. घरी आल्यावर मी पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायची. संपल्या तर काय, या धास्तीत पाच आठवडे काढले. मदत मागायला आलेल्या माणसाला एका रकान्यापायी परत पाठवू नये, एवढंही कुणाच्या मनात येऊ नये?

पाचव्या आठवड्यात व्यसनमुक्ती विभागातल्याच एक डॉक्टरबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी माझा फॉर्म उचलला, वाचला आणि मला आत बोलावलं. पुढचं सगळं सुरळीत झालं, त्यामुळे त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे.

त्यांनी आधी एक गोष्ट समजावली. गाबा नावाचं रसायन मेंदूला शांत करतं आणि ही गोळी त्याचा परिणाम वाढवते. रोज बाहेरून मदत मिळाली की मेंदू गाबाला द्यायचा प्रतिसाद कमी करत जातो. गोळी एकदम गेली की त्याला शांत करणारं पुरेसं काही उरत नाही. असं शरीर सरावणं कुणाचंही होऊ शकतं, अगदी सांगितल्याप्रमाणे गोळी घेणाऱ्याचंही. त्याला अवलंबित्व म्हणतात. नुकसान दिसत असूनही ओढ न आवरणं, लपवणं, खोटं बोलणं, हे व्यसन. माझ्यात दोन्ही होतं. त्यांनी ते ओरडा न देता सांगितलं, म्हणून मला कबूल करता आलं.

अल्प्राझोलॅम शरीरातून लवकर उतरतं, त्याच जातीचं डायझेपाम हळू. म्हणून त्यांनी मला हळूहळू २० मिलिग्रॅम डायझेपामवर आणलं आणि दर दोन आठवड्यांनी २ मिलिग्रॅम कमी केलं. १० च्या खाली एकेकच, तेही तीन आठवड्यांनी. हा हिशेब माझा आहे, कुणी घरी स्वतःवर करून पाहू नका. शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड गेला. २ मिलिग्रॅमची गोळी वर्तमानपत्रावर ठेवून ब्लेडने अर्धी करायची, आणि कागदावर सांडलेला पांढरा चुरा बोटाने टिपून घ्यावासा वाटायचा. एकदा टिपलाही. दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांना सांगितलं. झोपेसाठी वेगळे समुपदेशन सुरू होतंच: उठायची वेळ ठरलेली, झोप येत नसेल तर अंथरुणात लोळायचं नाही. पहिले तीन आठवडे त्याचा रागच आला, मग गुण आला.

हे आधी सांगायला हवं होतं: या काळात दारू बिलकूल नको. अफूच्या वर्गातली वेदनाशामकं सोबत घेतली तर श्वास मंदावून माणूस दगावू शकतो, म्हणून कुठलंही दुखणं घेऊन गेलात तरी त्या डॉक्टरांना चालू औषध सांगा. आमच्या गटात पाठदुखीसाठी ट्रॅमाडोल, म्हणजे याच अफूच्या वर्गातलं वेदनाशामक, घेता घेता अडकलेल्या एक काकू होत्या. त्यांचे उपचार निराळे होते, त्यांना ब्यूप्रेनॉर्फिन हे अफूच्या वर्गातल्या औषधांची ओढ आवरणारं औषध दिलं होतं. एकाची पद्धत दुसऱ्याला लावू नये.

आणि रोजची वही ठेवा. किती वाजता, किती गोळी, झोप किती. डॉक्टर पुढचा डोस त्यावरून ठरवतात.

फॉर्ममध्ये रकाना नसेल तर समासात लिहा: औषधाचं नाव, रोजचा डोस, किती वर्षं, आणि 'अचानक बंद केल्यास फिटचा धोका'. सहा महिन्यांनी फेरतपासणीला फॉर्म पुन्हा भरायचा होता, तेव्हा मी तसंच लिहिलं. खिडकीत तोच माणूस होता. समासातली ओळ त्याने दोनदा वाचली आणि फाईल उचलून स्वतः आत नेऊन दिली.