हे आत्ता नको

पियानोचे सर एवढंच म्हणाले, 'हे आत्ता नको', आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, मीही हसून मोकळी झाले असते. आता ते 'आत्ता' डोक्यातून जातच नाहीये. आत्ता नाही तर कधी? आणि माझ्या आधीच्या वेळेला जी येते तिला मात्र... जाऊ दे.

बेथोव्हेनचं 'फर एलिज' मी काही उगाच मागितलं नव्हतं. पहिलं पान येतं मला. अर्थात ते सगळ्यांनाच येतं, पियानो दिसला की जो तो ते ई आणि डी शार्पचं तुणतुणं वाजवून दाखवतो. पण पुढे ते एफ मेजरमध्ये शिरतं आणि उजव्या हाताला इतक्या बारीक नोट्स येतात की पानच काळं दिसायला लागतं, मग डाव्या हाताने तोच एक ए ठोकत बसायचं आणि वर कॉर्ड्स सांभाळायच्या. पीसची लेव्हल त्यातल्या सगळ्यात अवघड ओळीवरून ठरते, आपल्याला आवडलेल्या ओळीवरून नाही. माहितीये हो मला. बेथोव्हेनने ते 1810 मध्ये लिहिलं आणि छापलं गेलं 1867 मध्ये, तो जाऊन 40 वर्षं झाल्यावर, तर एवढे दिवस ते कागद थांबले, मला थोडं थांबायला काय होतंय, असं स्वतःला समजावून पाहिलं. नाही पटलं.

बेथोव्हेनच्याच 'मूनलाइट' सोनाटाची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, तरी द्या म्हटलं, संथ तर आहे. तर म्हणे, उजव्या हाताच्या करंगळीने वरची चाल ऐकू आणायची आणि त्याच हाताच्या बाकीच्या बोटांनी ट्रिपलेट्स, म्हणजे तीन-तीन नोट्सचे गट, हळू चालू ठेवायचे, करून बघ. करून बघितलं. ठीके.

मिळालं काय, तर शूमान या संगीतकाराच्या 'अल्बम फॉर द यंग'मधला पहिलाच पीस, मेलडी. एका पानात संपतो. घरी येऊन वाचलं, तर हा अल्बम त्याने 1848 मध्ये मोठ्या मुलीच्या, मारीच्या सातव्या वाढदिवसासाठी लिहायला घेतला होता. सातव्या! म्हणजे माझी जागा नेमकी कुठे आहे ते कळलं. खूप वेळ नुसती बसून राहिले. वाईट पीस सोपा असल्याचं वाटत होतं, की सरांनी त्यावर बोटांचे नंबर पेन्सिलने आधीच लिहून ठेवले होते याचं, ते अजून नीट कळत नाहीये. म्हणजे मी मागायच्या आधीच ठरलेलं होतं की सगळं.

मग चिडूनच वाजवायला बसले, दहा मिनिटांत संपवते म्हणून. डावा हात न थांबता चालू असतो, आणि तो इतका मऊ हवा की वरची चाल त्यात बुडता कामा नये. माझा डावा हात म्हणजे आपलंच लग्न असल्यासारखा पुढे पुढे. हळू दाबावं तर काही नोट्स वाजतच नाहीत, जोर द्यावा तर उजवा हात गायब. मारी, बाई, तुला साष्टांग नमस्कार.

या लोकांच्या 'सोप्या'वर तसाही भरवसा नाही. मोझार्टने आज के 545 या नंबराने ओळखला जाणारा पियानो सोनाटा 1788 मध्ये स्वतःच्या यादीत 'नवशिक्यांसाठी' म्हणून नोंदवलाय, आणि पाचव्या बारपासूनच स्केल्स अशा धावत सुटतात की त्याचे नवशिके कोण होते देव जाणे. याच शूमानचं 'किंडरझेनेन', म्हणजे 'बालपणीची दृश्यं', नावाने मुलांचं आणि वाजवायचं मोठ्यांनी.

अल्बममध्ये 21, 26 आणि 30 या नंबरांच्या पीसना नावच नाहीये, नुसत्या तीन चांदण्या. ते ऐकले तर अजिबात बाळबोध वाटले नाहीत. 21 वर डोळा ठेवलाय, सरांना इतक्यात सांगणार नाही.

आणि कोणी विचारलंच सध्या काय वाजवतेयस, तर सरळ 'शूमान' म्हणायचं. वाढदिवसाचं प्रकरण सांगायची काही गरज नाही.