राधानगरी रस्त्यावर कोई माशांचे सौर तळे

कोल्हापूरचा रंकाळा मागे टाकून पुईखडीचा चढ ओलांडला की राधानगरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो, आणि हळदीच्या पुढे भोगावतीच्या खोऱ्यात शिरल्यावर या भागात कोणी शोभेचे मासे वाढवत असेल अशी शंकाही येत नाही. ज्या काकांकडे मी निघालो होतो, त्यांचे शेत मुख्य रस्त्यापासून आत एका उतारावर आहे. सिमेंटच्या टाक्या, त्यांवर सावली धरणारी दोन सौर पॅनेल आणि खंड्या-बगळ्यांसाठी ताणलेले जाळे एवढाच सगळा पसारा.

टाक्यांत कोई होते. आपल्याकडचे मत्स्यशेतकरी ज्या कॉमन कार्प माशाला सायप्रिनस म्हणतात, त्याच्याच कुळातला हा रंगीत मासा जपानच्या निगाता भागातील शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात निवडून निवडून घडवला आणि 1914 च्या टोकियो प्रदर्शनानंतर त्याची कीर्ती पसरली. पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेला कोहाकू इथल्या लाल मातीच्या पार्श्वभूमीवर फारच उठून दिसतो, पण काकांना रंगापेक्षा हवेविषयी बोलायचे होते.

"ऊन दिवसा, आन् मासा गुदमरतोय पहाटं. समदी अडचण हितंच हाय बघा," ते म्हणाले.

दिवसा शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच शेवाळ माशांच्या बरोबरीने तो वापरते, त्यामुळे त्याचे प्रमाण सूर्योदयापूर्वी सर्वांत कमी असते. त्यात पाणी जितके गरम, तितका प्राणवायू कमी मावतो: 20 अंशांना लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. शेतीपंपाची वीज पाळीने येते, म्हणून तिच्यावर टाक्या सोडता येत नाहीत. काकांचा हवेचा पंप 60 वॅटचा आहे; तो अहोरात्र चालला तरी दिवसाला दीड युनिटही लागत नाही, आणि रात्रीसाठीची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी अडीच युनिटांची आहे.

मला सर्वांत आवडले ते त्यांचे विजेची गरजच कमी करण्याचे कसब, कारण पॅनेलांची संख्या वाढवणे हा पैसेवाल्याचा सोपा मार्ग झाला. वेगळा पाण्याचा पंप त्यांनी ठेवलेलाच नाही. उभ्या नळीच्या तळाशी हवा सोडली की बुडबुड्यांबरोबर पाणी वर चढते, गाळणीत पडते आणि तिथून उताराने टाकीत परतते. म्हणजे एकच पंप हवाही देतो आणि पाणीही फिरवतो. गाळणीतल्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर वाढलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. या जिवाणूंनाही प्राणवायू लागतो, तेव्हा हवा थांबली की माशांबरोबर गाळणीही मरणपंथाला लागते. टाकीतले पाणी बदलताना काढलेले जुने पाणी उसाला जाते, हे वेगळे सांगायला नको.

पिल्लांच्या खोलीत हिवाळ्यासाठी छपरावर सौर बंब आहे. त्याचे गरम पाणी टाकीत थेट न सोडता स्टीलच्या वेटोळ्यातून फिरवतात, कारण तांबे आणि जस्त पाण्यात उतरले तर मासे मरतात.

पावसाळ्याचा प्रश्न मात्र मी आवर्जून विचारला, कारण जून ते सप्टेंबर या पट्ट्यात कित्येक दिवस सूर्य दिसत नाही. त्यावर काकांनी मला शेताच्या कडेचा, तेव्हा कोरडा असलेला ओढा दाखवला. राधानगरी धरणाच्या पाण्यावर वीज तयार होते हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेले, आणि तोच हिशेब त्यांनी इथे मांडला आहे: सेकंदाला 5 लिटर पाणी 4 मीटरवरून पडले तर सैद्धांतिक शक्ती 200 वॅटच्या आसपास भरते, आणि निम्मी वाया गेली तरी पंप चालून थोडी उरते. ऊन नसते नेमके तेव्हा ओढा वाहतो, त्यामुळे दोन्हींची सांगड चांगली बसेल. वीज करणाऱ्या चाकापेक्षा त्यांना काळजी आहे ती पाणी आत घेण्याच्या तोंडाशी अडकणाऱ्या पाल्यापाचोळ्याची आणि गाळाची. म्हणून यंदा आधी तिरकी जाळी आणि गाळ बसण्यासाठी छोटा हौद बांधायचा, यंत्र पुढच्या वर्षी, असे त्यांनी ठरवले आहे.